दहा मिनिटांत संपलं म्हणे

आज सकाळी चहाचा कप हातात असतानाच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो आला. भाची, जावईबापू, दोन्ही पोरं, आणि मागं आमच्या भागातल्या एका कलासंग्रहालयाचं फाटक. खाली जावईबापूंचा शेरा: "काही नाही बघण्यासारखं. दहा मिनिटांत संपलं. पोरं वैतागली. बाहेरची मिसळ मात्र एक नंबर." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एका काकांनी लगेच विचारलं, कट वेगळा देतात का.

जावयाला काय बोलणार? मी पण अंगठा टाकला आणि इथं येऊन बसले. इथं सगळी आपलीच माणसं आहेत. जुनं चित्र, जुनं भांडं, जुनी माणसं यांची किंमत तुम्हाला समजावून सांगायला लागत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी आपल्या जिल्ह्यातलं कुठलंही धरावं, चालेल.

त्या संग्रहालयात मी एकदा आत्याला घेऊन गेले होते. घेऊन गेले म्हणजे काय, एसटी चुकली होती, पुढच्या गाडीला बराच वेळ होता, बाहेर मे महिना, आणि आत सावली असते एवढं मला माहीत होतं. कलेबिलेचा काही संबंध नव्हता. आत्याचं सासर कासाराचं. उभा जन्म बायकांना बांगड्या भरण्यात गेला. आठवड्याचा बाजार, लग्नघर, डोहाळजेवण, जिथं बायका जमतील तिथं तिची पेटी. शाळा तिसरीपर्यंत. असल्या इमारतीत ती आधी कधी गेली नव्हती. दारातच चपला काढायला लागली, देवळात काढतात तशा.

स्टुलावर पेपर वाचत बसलेले मामा उठले. "आजी, चपला असू द्या पायात. सरकारी फरशी हाय." मग पुढं जाऊन त्यांनी खोलीतली ट्यूब लावली. ती दोनदा फडफडली आणि लागली.

समोर एका बाईचं तैलचित्र. हिरवं लुगडं, हात मांडीवर, नजर जराशी बाजूला. खाली पाटी: "स्त्री. तैलरंग." संपलं. कुणी काढलं, कधी काढलं, ही बाई कोण, या भिंतीवर आली कशी, काही नाही. बाई आहे हे आम्हाला दिसत होतं, त्यासाठी पाटी कशाला लागते देव जाणे.

मी त्या चित्रासमोर बरोबर मधोमध उभी राहिले, सगळे राहतात तशी. मामा म्हणाले, "ताई, तिथनं दाराचा उजेड काचंत येतो, काय दिसायचं नाय. हितं या. ह्या फरशीवर." त्यांनी पायानं फरशी दाखवली. डावीकडची, भिंतीपासनं तिसरी. तिथं उभं राहिलं आणि काचेवरची चमक गेली, आणि ती बाई एकदम खोलीत आल्यासारखी वाटली. कुठल्या फरशीवरून कुठलं चित्र दिसतं हे त्या माणसाला पाठ होतं. कुणी शिकवलं नव्हतं. रोज बघून बघून कळलेलं.

मग त्यांनी आत्याला पुढं बोलावलं. "आजी, आता जवळ जावा. हात नका लावू, पर नाक लागंल इतकं जवळ जावा. बांगड्या दिसतात का?"

आत्या म्हणाली, "कुठल्या बांगड्या? नुसता रंग थापलाय."

खरंच होतं. जवळून बघितलं तर मनगटावर हिरव्याचे जाडजूड फटकारे आणि त्यावर पांढऱ्याचा एक एक ठिपका, बस. मामा म्हणाले, आता चार पावलं मागं या. आली. आणि तिथं बांगड्या होत्या. काचेच्या, हिरव्या, उजेड पडलेल्या. आत्या परत पुढं गेली, परत मागं आली. मग जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "हिचा हात अडीचचा हाय, आन् सव्वादोनच्या भरल्यात. कातडी बघ कशी दाटलीय वर. काढताना साबण लागंल हिला."

मामा इतके हसले की पेपर खाली पडला. "एवढी वर्षं ह्या बाईबरं काढली, आजी, पर हे कुणी बोललं नव्हतं." पुढचा अर्धा तास ते दोघं बोलत होते, मी नुसती बाजूला उभी. कासार बांगडी कशी चढवतो, अंगठ्याचा सांधा कसा दाबतो, आणि चित्रकारानं तो फुगलेला सांधा बरोबर कसा टिपलाय. ज्यानं कुणी ते चित्र काढलं त्यानं ती बाई समोर बसवूनच काढलं असणार, मनानं रचलेलं नाही, हे आमच्या तिसरी शिकलेल्या आत्यानं सिद्ध केलं. पाटीवर ते कधी येणार नाही.

आता सांगा, काही नाही बघण्यासारखं?

राग कशाचा येतो? दहा मिनिटांचा नाही. कंटाळा येऊ शकतो, मलाही येतो. पोरं वैतागतात हेही खरं, आठ वर्षांच्या पोराला रांगेनं लावलेली पोर्ट्रेटं दाखवली तर ते दुसरं काय करणार. राग येतो तो त्या "काही नाही"चा. मॉलमध्ये चार तास काढून काहीही न घेता परत येताना कुणी म्हणत नाही तिथं काही नाही म्हणून. दोनशे रुपयांचे पॉपकॉर्न खाताना कुणी म्हणत नाही. पण वीस-तीस रुपये तिकीट काढून शंभर वर्षांचं चित्र बघितलं की लगेच आपल्यातला परीक्षक जागा होतो.

आणि परत ग्रुपवर टाकायचं, म्हणजे पुढचे चाळीस जण जाणारच नाहीत.

बरं, आमच्याकडं वस्तूंचा दुष्काळ आहे म्हणावं तर तसंही नाही. सातारा जिल्ह्यातलं औंध घ्या. संस्थान केवढं, तर बहात्तर गावांचं. तिथले भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, सूर्यनमस्काराचा प्रसार करायचे, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला पैसा द्यायचे, आणि त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. तिथं रविवर्म्याची अस्सल तैलचित्रं आहेत. कॅलेंडरवरची नाहीत, त्याच्या हातची. आणि तिथं हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे दगडातलं शिल्प आहे. हेन्री मूर! ज्याची शिल्पं बघायला लोक इंग्लंडला जाऊन रांगा लावतात, त्याचं शिल्प खटाव तालुक्यात आहे. एसटी जाते. आपल्यातल्या किती जणांनी बघितलंय? लंडनला जाऊन आलेले आपल्यात बरेच आहेत म्हणून विचारते.

कोल्हापूरचं टाउन हॉल म्युझियम घ्या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझची मूर्ती. वीतभरसुद्धा नाही. एवढीशी वस्तू समुद्र ओलांडून, घाट चढून पंचगंगेच्या काठी आली तेव्हा तो व्यापार केवढा असेल! ती बघून तुम्ही दहा मिनिटांत बाहेर पडू शकता. मूर्तीचा त्यात काय दोष? कोल्हापुरातच राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. सिनेमातले चंद्रकांत, तेच. त्यांनी आपला राहता बंगला चित्रांसकट शासनाला देऊन टाकला. नुसती पावडर बोटानं, कापसानं कागदावर घासून काढलेली निसर्गचित्रं आहेत तिथं. कोल्हापूरला गेलं की महालक्ष्मी, रंकाळा, तांबडा-पांढरा. राजारामपुरीत खरेदीला जातात, पण तो बंगला कुणाला माहीत नसतो.

साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली तेव्हा काय गर्दी होती. व्हायलाच हवी होती, महाराजांचं नाव आहे, मी पण गेले होते, डोळ्यांत पाणी आलं. पण त्या रांगेतल्या लोकांना तिथून गाडीनं तासाभरावर असलेलं औंध दाखवावंसं कुणाला वाटलं? एक फलक लागला असता. एक माणूस उभा राहून म्हणाला असता, पाहुणे, इतक्या लांब आलाय तर अजून एक दाखवतो.

थांबा. हे लिहीत असतानाच भाचीचा फोन येऊन गेला.

"मावशी, तू अंगठा टाकलास पण तू चिडलीयस, मला माहितीय." मग सांगायला लागली. तिकिटाच्या खिडकीवर कुणी नव्हतं, हाका मारून बोलवावं लागलं. आतल्या दोन खोल्यांना कुलूप. किल्लीचं विचारलं तर "साहेबांकडं किल्ली", आणि साहेब रजेवर. लाइट बंद. विचारलं तर म्हणे बिल येतं. धाकट्यानं काचेला बोट लावलं तर तिथला मुलगा मोबाइलवरून मान वर न करता ओरडला. बाथरूम विचारलं तर बाहेर हॉटेलात जा. हॉटेलात गेले, तिथं मालकानं या बसा म्हणून पोरांना पाणी दिलं, आणि मग मिसळ घेतली. "तुझ्या जावयाचं काही चुकलं नाही गं. तो बिचारा त्या बाईच्या चित्रासमोर उभा राहिला होता, तू नेहमी सांगतेस ना ते. पण त्याला त्यात स्वतःचंच तोंड दिसत होतं."

झालं. म्हणजे तो मधोमध उभा होता. त्याला फरशी कुणी सांगितली नाही.

मामा निवृत्त झालेत. मला माहीत होतं ते. मध्यंतरी पुण्याचे पाहुणे घेऊन गेले होते तेव्हाच स्टुलावर तो नवा मुलगा होता, कंत्राटावरचा. त्याच्यावर तरी किती चिडायचं? त्याला कुणी आत फिरवून एकदा तरी दाखवलं असेल का, की बाबा रे, तू कशाची राखण करतोयस? त्याला सांगितलं असेल हात लावू देऊ नको, फोटो काढू देऊ नको, वेळ झाली की बंद कर. तेवढं तो करतो. तो पगारही वेळेवर मिळत असेल याची मला खात्री नाही. पाहुण्यांना मी त्या तिसऱ्या फरशीवर उभं केलं, पण ट्यूब लागलेली नव्हती, त्यामुळे हिरवं लुगडं काळं दिसत होतं आणि बांगड्या तर नाहीतच. "छान आहे," पाहुणे म्हणाले. पुणेरी 'छान आहे' कसं असतं ते तुम्हाला माहितीच आहे.

म्हणजे तीच इमारत, तीच भिंत, तेच चित्र. आत्या अर्धा तास उभी राहिली आणि जावईबापू दहा मिनिटांत मिसळीवर. मध्ये फरक फक्त एका माणसाचा. लग्नघरात गेलं आणि दारात कुणी या-बसा म्हटलंच नाही, की पंगत कितीही चांगली असो, घास उतरत नाही, तसं आहे हे.

मला माहितीय आता काही जण काय म्हणणार. मॉडर्न करा, टचस्क्रीन लावा, पाटीवर ते चौकोनी ठिपक्यांचं चित्र लावा, मोबाइल धरला की माहिती ऐकू येईल. लावा की! मी कुठं नको म्हणते. पण ज्या इमारतीत एक ट्यूब लावायला बिलाची भीती वाटते तिथं टचस्क्रीन किती दिवस चालेल? उद्घाटनाला चालेल. दुसऱ्या महिन्यात त्यावर आच्छादन घालतील आणि वर कागद चिकटवतील, "बंद आहे".

आणि पैसा लावला की होतं, हेही मान्य करते. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, पार रया गेलेलं. नीट हाती घेतलं, २००८ साली परत उघडलं, आज आत पाय टाकला की मान वर करून छतच बघत बसावंसं वाटतं. पण ती मुंबई. आमच्याकडं तेवढा पैसा येणार नाही आणि आला तर त्याचं आधी प्रवेशद्वार बांधतील, कमान, त्यावर नावं. म्हणून मी कमानीचं बोलतच नाही. स्टुलावरच्या माणसाचं बोलते.

निवृत्त झालेल्या मामांना रविवारी दोन तास बोलवा. मानधन द्या, चहा द्या, बसायला खुर्ची द्या, स्टूल नको आता, गुडघे गेलेत त्यांचे. त्या नव्या पोराला त्यांच्यामागं फिरू द्या. जिल्ह्यात ए.टी.डी., जी.डी. आर्ट अशा चित्रकलेच्या पदविका घेतलेली किती पोरं फ्लेक्सची डिझाइनं करत बसलीत, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावी आमदार. त्यांना सुट्टीच्या दिवशी त्या खोल्यांत उभं करा. त्यांनाही चार पैसे आणि आपण शिकलो ते कुणाला तरी सांगता येईल.

शाळांचं तर बोलूच नका. म्हणजे मी बोलणारच आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना आम्ही काय कमी पेपर रंगवले? मडकं, दोन कांदे, मागं चुरगळलेला पडदा, स्थिरचित्र म्हणून. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आजही पोरं रांगेनं बसतात. पण खरं तैलचित्र, कुणाच्या तरी हातचं, जाड रंगाचं, नाक लावून बघण्याजोगं, ते माझ्या वर्गातल्या एकाही मुलीनं दहावीपर्यंत बघितलं नव्हतं. संग्रहालय शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं! आमची सहल गेली ती वॉटर पार्कला.

(वॉटर पार्कला मजा आली, खोटं कशाला बोलू.)

भाची म्हणाली, "मावशी, पण लोकही कसे वागतात बघितलंय का तू?" बघितलंय. पोर्ट्रेटच्या चौकटीवर पेनानं नाव आणि बदाम. कोपऱ्यात पिचकारी. कॅनव्हासला बोट लावून "खरंय का गं" म्हणून खरवडणारी एक बाई, चांगली शिकलेली, गॉगल डोक्यावर. बोटाचं तेल लागलं की रंग खराब होतो हे तिला कोण सांगणार? तो मुलगा ओरडतो ते उगाच नाही, एवढं बोलते आणि सोडून देते. पण मामा कधी ओरडले नाहीत. ते आधीच सांगायचे, हात लावू नका पण नाक लावा. माणसाला जवळ जायची परवानगी दिली की त्याचा हात आपोआप मागं राहतो. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आत्यानं दोन्ही हात पाठीमागं धरले होते, पदराचं टोक मुठीत.

पुण्याचं केळकर संग्रहालय आठवतं का कुणाला, लहानपणी गेलेलं? दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या नावानं, राजाच्या नावानं, जन्मभर वस्तू गोळा केल्या. अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्यं. वीसेक हजार वस्तू, आणि १९७५ साली सगळं शासनाला देऊन टाकलं. घरोघरी जाऊन, लोक मोडीत काढायला निघालेले अडकित्ते त्यांनी मागून आणले. अशी माणसं वस्तूला काय समजत असतील! आणि आपण दहा मिनिटांत अडकित्त्यांची खोली ओलांडतो, कारण घरात आता सुपारीच कुणी कातरत नाही. पण माझी आजी असती तर त्या खोलीतून तिला ओढून काढावं लागलं असतं. प्रत्येक वस्तूचा एक जाणकार कुठंतरी असतोच. बांगड्यांची जाणकार त्या दिवशी एसटी चुकली म्हणून आत आली, एवढंच.

आत्या आता नाही. गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या पेटीतल्या बांगड्या आम्ही बहिणींनी वाटून घेतल्या, कुणाच्याच हातात बसत नाहीत, सगळ्यांचे हात जाड झालेत.

असो. कुठून कुठं गेले.

जावईबापूंना मी काही बोलणार नाही. चांगला माणूस आहे, पोरांना घेऊन गेला हेच खूप, बाकीचे तेवढेही जात नाहीत. पण त्या संग्रहालयाच्या साहेबांना मी पत्र लिहितेय, हातानं, स्पीड पोस्टानं. तीनच गोष्टी: ट्यूब लावा, मामांना बोलवा, आणि त्या पाटीवर काहीतरी लिहा. जुन्या नोंदवहीत काहीतरी असणारच, कुणी दिलं, कधी आलं. नसेल तर निदान "चित्रकार अज्ञात" लिहा, म्हणजे कुणीतरी शोधायला तरी लागेल. कुणाला सही करायची असेल तर खाली सांगा, मी कागद घेऊन घरी येते. साहेब रजेवरून आले की पोच घेऊन येईन म्हणते.

आणि येत्या रविवारी मी औंधला चाललेय. कराडहून सकाळी सातला, पुसेसावळीमार्गे. गाडीत दोन जागा आहेत, लहान पोर असेल तर तीन. चढाची काळजी करू नका, गाडी वरपर्यंत जाते. यमाईचं दर्शन आधी की संग्रहालय आधी यावर वाद घालायचा नाही, संग्रहालय आधी. उघडं आहे का ते शनिवारी फोन करून विचारून ठेवते. पोरांना वही आणि पेन्सिल द्या, रंग नकोत. आत काढू दिलं तर आत, नाहीतर बाहेर डोंगरावर बसून आठवेल तसं काढतील. डबा आपापला.